कायमचा पत्ता

मावशीचं म्हणणं, घटस्फोटानंतर बाईनं आधी पाय रोवून उभं राहावं, मग हवं तितकं हिंडावं. माझं म्हणणं, आधी हिंडू द्या. पाय कुठं रोवायचे ते हिंडल्याशिवाय कळायचं कसं? हा वाद आमच्यात फोनवर तुकड्यातुकड्यांनी चालूच असायचा. या पावसाळ्यात मी लॅपटॉप घेऊन संगमनेरला तिच्याकडे राहायला आले, आणि तो समोरासमोर झाला. रोज थोडा थोडा, माझं काम सुरू व्हायच्या आधी.

दोघींची थोडी ओळख द्यायला हवी. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं ते परत नेलंच नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घटस्फोट नाही, पोटगी नाही. तिनं डी.एड. केलं, लोकांचे ब्लाउज शिवून फी भरली, नोकरी धरली, आणि ज्या गल्लीत तिला बघून बायका आवाज खाली करत त्याच गल्लीत वडिलांच्या जागेवर दोन खोल्या बांधल्या. माझा घटस्फोट पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्परसंमतीनं झाला. मूल नाही. मी विम्याचे दावे हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. टीम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे आणि मी कुठून लॉगिन करते याची देशाच्या हद्दीत तरी कुणी चौकशी करत नाही. त्यामुळे पुण्याचं घर सुटल्यापासून मी फिरतीवर असते: कधी गोवा, कधी हिमाचल, मध्ये मध्ये संगमनेर.

"घर का सोडलंस?" मावशीनं पहिल्याच संध्याकाळी मुळावर घाव घातला.

"सोडलं नाही, परवडेना. कर्ज दोघांच्या नावावर होतं. आपण आपसात काहीही लिहून घेतलं तरी बँकेला त्याच्याशी देणंघेणं नसतं. हप्ता थकला की ती दोघांच्याही मागे लागते. एकाचं नाव काढायचं तर दुसऱ्याच्या एकट्याच्या पगारात कर्ज बसायला हवं. त्याच्या बसत होतं, माझ्या बसत नव्हतं. मी माझा वाटा घेतला आणि हक्कसोडपत्रावर सही केली."

"मग भाड्यानं घ्यायचं."

"हिंडले की. एजंटचा पहिला प्रश्न, फॅमिली आहे का. एकटी म्हटलं की पुढचा, लग्न झालंय का. घटस्फोट म्हटलं की फोनवर शांतता. एका सोसायटीनं तर माझ्याकडे कोण कोण येणार त्यांची नावं लिहून मागितली. मी म्हटलं, या शहरात हे करत बसण्यापेक्षा तेच भाडं डोंगराच्या पायथ्याशी भरीन. तिथं निदान सकाळ माझी असते."

मावशी थोडा वेळ बोलली नाही. मग तिनं रेशनकार्डाची गोष्ट काढली. ती मी लहानपणापासून तुटक ऐकत आले होते, सलग कधी ऐकली नव्हती. लग्न झाल्यावर तिचं नाव वडिलांच्या कार्डातून कमी झालं. सासरच्या कार्डावर ते चढलं. आता स्वतःचं कार्ड काढायचं तर सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला हवा, आणि तो आणायला कार्डवाल्याची सही हवी. कार्डवाला म्हणजे नवरा. तो ना नेत होता, ना नाव सोडत होता. "तिकडं माझ्या नावाची साखर उचलली जात होती," मावशी म्हणाली, "आणि इकडं मी वाण्याकडून रोखीनं घेत होते. खिडकीवरचा माणूस दर वेळी विचारायचा, कुटुंबप्रमुख कोण? मी म्हणायची, मीच. तो पुन्हा विचारायचा, पुरुष कोण?"

१९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. समता आंदोलनानं आणि ॲड. निशा शिवूरकर यांनी पुढाकार घेतलेली. मावशी त्या वेळी नोकरीत नवी होती, मागे बसली होती. आपल्यासारख्या एवढ्या बायका आहेत हे तिनं तिथं पहिल्यांदा पाहिलं. "आम्ही काय मागत होतो? डोक्यावर छप्पर, पोटगी, स्वतःच्या नावाचं कार्ड. दारावर आपलं नाव असावं यासाठी माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि तू किल्ली देऊन मोकळी झालीस. मला ते बघवत नाही, एवढंच."

यावर मी लगेच काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं, पण तिला त्या क्षणी ते उत्तर वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बाजू बदलून हल्ला केला. "तुझ्या स्टेटसवर नुसते डोंगर. बघणाऱ्याला वाटतं, पोरगी घटस्फोट साजरा करतेय."

मग मी तिला हिमाचलातल्या बीरचा दिवस सांगितला, कारण हा गैरसमज एकट्या मावशीचा नाही. बीर कांगडा खोऱ्यात आहे. वर बिलिंगवरून पॅराग्लायडर उडतात आणि खाली बीरच्या मैदानात उतरतात. २०१५ मध्ये तिथं पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झाला. गावात तिबेटी वसाहत आहे, चहाचे मळे आहेत. संध्याकाळी सगळं गाव मैदानावर बसून उतरणारी छत्र्यांची रांग बघतं. मी ती क्वचितच बघितली, कारण त्याच वेळी माझं काम भरात असतं. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ तासभर मागे जातं आणि माझी रोजची मीटिंग साडेसातवर येते. घरमालकीण साडेसातला जेवायला वाढते. घरातली सगळी माणसं लोखंडी तंदूरभोवती बसतात. तंदूर म्हणजे तिकडची शेगडी. मध्ये जाळ, धूर नळकांड्यातून छपराबाहेर. मी पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली. कामाला दोन कंपन्यांची सिमकार्डं, राउटरसाठी वेगळी छोटी बॅटरी, कारण वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवा लागतो पण वायफाय प्रत्येक घरात चालतंच असं नाही. लडाखला जायचं ठरवलं तेव्हा आधी प्रीपेड नंबर पोस्टपेड करून घेतला. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही. रात्री साडेदहाला बाहेर यावं तर ताट तंदूरवर झाकून ठेवलेलं.

"म्हणजे पुण्यात होतं तेच," मावशी म्हणाली. "फक्त खिडकी बदलली."

"खिडकी बदलली, आणि सकाळ मिळाली. दीडला काम सुरू होईपर्यंत सगळा वेळ माझा. लग्नात माझी सकाळ कुणीतरी ओढून घ्यायचं असं नाही, पण ती कधी माझी म्हणून उगवली नाही. उठल्यापासून दुसऱ्याच्या मूडचा अंदाज घ्यायचा. वेगळं राहायला लागले तरी ती सवय जाईना. रिकाम्या घरातसुद्धा मी दार हळू लावायची. बीरला एक दिवस दार वाऱ्यानं धाडकन आपटलं आणि मला काहीच झालं नाही. छातीत धस्स नाही. पुण्याच्या त्या घरात, त्याच भिंतींमध्ये, हे व्हायला किती वर्षं लागली असती?"

मावशी मास्तरीण आहे, ऐकताना मध्ये बोलत नाही. एवढंच विचारलं, "तिथं कुणी विचारलं नाही?"

"विचारलं की. घरमालकिणीनं तिसऱ्या दिवशी विचारलं, शादी? मी म्हटलं, थी. ती म्हणाली, अच्छा. आणि गाईचं दूध काढायला गेली."

पुण्यात त्या उत्तरानंतर खरं संभाषण सुरू व्हायचं. कुणाची चूक, कुणी अर्ज केला, आईवडिलांनी समजावलं नाही का. मला वाटतं, अनोळखी गावाचा मोठा उपकार हा की तिथल्या लोकांना तुमच्या गोष्टीची गरज नसते. त्यांचं दूध काढायचं राहिलेलं असतं. तुम्ही त्यांच्यासाठी भाडेकरू असता, वेळेवर पैसे देणारी, रात्री उशिरा जेवणारी. ही ओळख लहान आहे, पण तिच्यात कुणाची बायको असणं किंवा नसणं येत नाही.

मावशीला हे अजिबात पटलं नाही, आणि तिचं न पटणं मला इथं पूर्ण लिहायला हवं.

"अनोळखी माणसांत ताठ उभं राहायला काय लागतं? तुला ओळखणारं कुणी नाही तिथं तू कोणीही आहेस. कसोटी इथं आहे. मंगल कार्यालयात. हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही तेव्हा. समोरच्या घरात बारसं आहे आणि सगळी गल्ली गेलीय, तेव्हा आपल्या ओट्यावर पेपर वाचत बसायचं, दार लावून आत नाही. मी बसले. बायकांना सवय झाली. मग त्यांच्यातलीच एक म्हणाली, बाई, तुम्ही पण या. या गल्लीत माझ्यानंतर दोघीजणी माहेरी आल्या. त्यांना माझ्याएवढं सोसावं लागलं नाही. का? कारण मी इथं होते. डोंगरावर गेले असते तर या गल्लीला कुणी शिकवलं असतं?"

मी रखमाबाईंचं नाव काढलं. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुंबईची मुलगी. मोठी झाल्यावर नांदायला जायला नकार दिला. नवऱ्यानं १८८४ साली दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन सुटका झाली, आणि १८८९ मध्ये त्या बोटीनं इंग्लंडला गेल्या. "त्या गेल्याच ना, मावशी? सगळी मुंबई ज्यांना नावानं ओळखत होती, वर्तमानपत्रं ज्यांच्यावर लिहीत होती, त्या तिथंच ओट्यावर बसल्या असत्या तर डॉक्टर झाल्या असत्या?"

"गेल्या, काहीतरी व्हायला गेल्या. डॉक्टर होऊन परत आल्या आणि निवृत्त होईपर्यंत सुरत-राजकोटच्या बायकांसाठी राबल्या. जाण्याला माझा विरोधच नाही. तू कशासाठी चालली आहेस ते सांग. मीना प्रभूंची प्रवासाची पुस्तकं मी वाचनालयातून ओळीनं आणून वाचली आहेत. त्यासुद्धा एकट्या निघायच्या देशोदेशी. पण लंडनला घर होतं, वाट बघणारी माणसं होती. प्रवास संपत होता."

इथं मावशीनं मला पकडलं, हे मान्य केलं पाहिजे. मी कशासाठी चालले आहे याचं एका वाक्यात उत्तर माझ्याकडे नाही. पण ते असायलाच हवं, यावर माझा विश्वास नाही. शिक्षण, नोकरी, देवदर्शन, बाळंतपण, असं काही कारण पदरी असलं तरच बाईनं एकटीनं घराबाहेर पडायचं हा नियम आपण सगळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. देवदर्शनाला तरी कुठं सरळ जाता येतं? कित्येक भक्तनिवासांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत, बाई असो की पुरुष. मला कुठलंच कारण न सांगता एका गावात दोन महिने राहायचं होतं. नुसतं राहायचं, काम करायचं, भाजी आणायची. ते मला मिळालं, आणि त्याची किंमत मी माझ्या पगारातून मोजली.

"पगारातून," मावशी म्हणाली. "तेच म्हणते. माझी एक विद्यार्थिनी दवाखान्यात नर्स आहे, टाकलेलीच. ती कुठं जाणार? तिच्या हातून सलाईन लॅपटॉपवरून लागत नाही. आणि पदरात मूल असतं तर तूही गेली नसतीस."

हेही खरं. ताब्याच्या आदेशात मुलाला कोर्टाच्या परवानगीशिवाय बाहेर नेऊ नये अशी अट कित्येकदा असते, शाळा असते, आठवड्याच्या भेटी असतात. माझ्या ओळखीच्या घटस्फोटित बायकांपैकी बहुतेकींना मी जगते तसं जगता येणार नाही. म्हणून मी हे कुणाला उपाय म्हणून सांगत नाही. ज्या बाईचं काम बॅगेत मावतं तिला निदान जाताना अपराधी वाटू नये, एवढंच मागते.

आजारपणाचा मुद्दा मावशीनं शेवटी काढला, कारण तिथं माझ्याकडे बचाव नाही हे तिला ठाऊक होतं. गोव्यात मला डेंग्यू झाला. दवाखान्याच्या फॉर्मवर तातडीच्या संपर्काला कुणाचं नाव, म्हणून विचारलं. वर्षानुवर्षं त्या रकान्यात एकच नंबर होता, तो हाताला आपोआप आला आणि मी थांबले. मग मावशीचा नंबर लिहिला. पाचशेवर किलोमीटर लांब, सत्तरीची बाई. "एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे," मावशी म्हणाली, "पण ते राज्याच्या हद्दीपर्यंत. आणि मी पोचेपर्यंत तुझ्या प्लेटलेट थांबणार होत्या का?" घरमालकाची सून दोन रात्री माझ्याजवळ बसली, तिचे उपकार मी विसरणार नाही. तरी त्यातली एक रात्र अशी होती की मला पुण्यातलं जुनं घर हवं होतं, त्यातल्या माणसासकट. ताप होता म्हणून असं वाटलं हे म्हणणं सोपं आहे. मावशीला मी ते म्हटलं नाही.

"मग?" ती म्हणाली.

"मग बरी झाले. आणि पुढच्या वेळी अशी जागा घेतली जिथून दवाखाना जवळ आहे. सीझन लागला की गोव्यात महिन्याचं भाडं पर्यटकांच्या दरावर जातं, घरमालक गोड बोलून खोली मागतात. तेही आता धरून चालते. शिकतेय."

आमची बोलणी व्हायची त्या खोलीत मावशीचं जुनं शिलाई मशीन आहे. यंत्र आत वळवून वरची फळी लावली की सपाट टेबल होतं. माझा लॅपटॉप तिथंच असतो. कॉलवर असताना माझा पाय नकळत पायडलवर जातो, खाली चाक फिरतं, आणि तिकडे न्यू जर्सीत कुणीतरी विचारतं, हा आवाज कसला. पट्टा मावशीनं काढलेला नाही. खणात अजून बॉबिन आहेत, काहींवर दोरा. या फळीवर तिनं ब्लाउज शिवले आणि स्वतःला या गावात ठेवलं. मी तिथंच बसून वाटेल त्या गावाचं भाडं कमावते.

एक गोष्ट मात्र या वादात दोघींनाही आधी सुचली नव्हती. माझ्या आधारवर, बँकेत, मतदारयादीत पत्ता संगमनेरचा आहे, मावशीच्या घराचा. फिरतीवरच्या माणसालाही कायमचा पत्ता लागतोच. केवायसी डोंगराच्या पायथ्याची होत नाही. पासपोर्ट नव्यानं काढला तोही इथूनच. जुन्यावर नवऱ्याचं नाव होतं. घटस्फोटितेनं पतीचं नाव किंवा कोर्टाचा हुकूमनामा द्यायची गरज नाही, असा नियम डिसेंबर २०१६ पासून आहे, त्यामुळे कागदांचा त्रास झाला नाही. पण पोलीस पडताळणीला हवालदार आले. मी इथंच होते. त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं, ही इथं राहते का, वागणूक कशी. समोरचे आजोबा चष्मा लावून बाहेर आले आणि म्हणाले, बाईंची भाची आहे, येऊन-जाऊन असते, नोकरी करते, चांगली आहे. पुण्यातल्या सोसायटीनं माझ्याकडून पाहुण्यांची यादी मागितली होती. इथं एकानंही घटस्फोटाचा उल्लेख केला नाही, आणि त्यांना तो ठाऊक नव्हता असं मुळीच नाही.

ही गल्ली अशी आपोआप झालेली नाही. मावशीनं ती ओट्यावर पेपर वाचत बसून केली. माझं हिंडणं या दोन खोल्यांवर उभं आहे, हे मी तिला सांगितलं. तिला बरं वाटेल असा माझा अंदाज होता.

"म्हणजे मी जागची हलले नाही म्हणून तू हलतेस," ती म्हणाली. "बरं. पण माझ्यानंतर कोण बसणार इथं?"

"मी काय कायमची चालले आहे का?"

"ते तुलाच माहीत नाही. तूच म्हणालीस."

यावर आमचं एकमत झालं नाही, होईल असंही वाटत नाही. घर मला हवं आहे. पण मिळालेलं नाही, निवडलेलं हवं आहे, आणि त्याला वेळ लागेल. मावशीला तो वेळ धोक्याचा वाटतो. तिनं एकट्या बाईचा वेळ लोकांनी कसा खाल्ला ते पाहिलेलं आहे.

जायच्या आदल्या दिवशी तिनं मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका समोर ठेवली. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त, नाशिकचं कार्यालय. थोरलीच्या लग्नात काय झालं होतं ते मला माहीत आहे. हळद लावायला सवाष्णी बोलावल्या, तेव्हा मावशीचं काय करायचं यावर बायकांत कुजबुज झाली. नवरा जिवंत म्हणून सवाष्ण, पण टाकलेली म्हणून नको. मावशी कुणाची वाट न बघता उठली, वाटीत हात घातला आणि मुलीच्या दोन्ही गालांना हळद लावली. नवरी रडली, भटजी मंत्र म्हणत राहिले.

"थोरलीला मी लावली. धाकटीला तू लावायची," मावशी म्हणाली. "माझ्या शेजारी उभी राहून. त्यानंतर कुठल्या डोंगरावर जायचं तिथं जा."

"मावशी, तिथं सगळे असतील. त्याचे काकासुद्धा, ते मामांचे मित्र आहेत."

"असू देत."

"नोव्हेंबर आहे. माझी मीटिंग साडेसातला असते."

"हळद सकाळी असते," मावशी म्हणाली, आणि पत्रिका माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत सरकवली.